घेऊन दिलंत ना? मग शिकवा!

मंडळी, गेला महिनाभर मी आमच्या नातेवाइकांत बदनाम आहे. पुण्याच्या वन्संपासून सांगलीच्या मावसभावापर्यंत सगळीकडे एकच बातमी पोचली आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीने अमेरिकेत जाऊन सतरा वर्षांच्या नातवाला मोटारसायकलवर कसरती करायला लावल्या! फोनवरच्या घरच्या गटात एकाने तर 'शिक्षकी पेशाला हे शोभत नाही' असं लिहिलं आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. म्हणजे आदर कायम आहे बरं का.

तेव्हा एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते. आधी दोन दुरुस्त्या. ती मोटारसायकल नाही, चार चाकांची क्वाड आहे. आणि शिकवलं मी नाही. मला साधी सायकलसुद्धा येत नाही. छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, तेवढंच मला येतं. मी शिकवणारा शोधला, त्यासाठी लेकीशी आणि जावयांशी वाद घातला आणि शिकवणी चालू असताना घडीची खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसले. या तिन्ही गोष्टींची मला लाज वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगते.

ज्यांनी क्वाड पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं. कोकणातल्या काही किनाऱ्यांवर आणि आपल्या थंड हवेच्या ठिकाणी हल्ली पर्यटकांना फुगीर टायरांच्या ज्या चार चाकी गाड्यांवर पाच मिनिटं फिरवतात ना, त्यांचीच चपळ बहीण म्हणजे स्पोर्ट क्वाड. एकट्याने बसायची. हँडल, क्लच, गिअर मोटारसायकलसारखे. पण वेग द्यायला मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक खटका दाबायचा असतो. इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. आणि ती दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, म्हणजे फिरतील तर दोन्ही बरोबर फिरतील.

आता व्हीली म्हणजे काय? तर पुढची दोन चाकं अधांतरी उचलून नुसत्या मागच्या दोन चाकांवर गाडी चालवत न्यायची. हे ऐकून शहरातली मंडळी डोळे मोठे करतात, पण ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला यात नवीन काही नाही. गाडीत माल पुढे जास्त झाला तर गाडी 'धुरजड' आणि मागे जास्त झाला तर 'उलाळ'. उलाळ झालेली गाडी जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो, आणि जू सोडलं तर गाडी मागच्या अंगावर बसते. आमचे वडील गाडी भरताना पोती पुढे-मागे सरकवून बघायचे ते याचसाठी. क्वाडवर पोत्याच्या जागी माणूस सरकतो आणि बैलाच्या जागी इंजिन ओढतं, एवढाच फरक. मी नातवाला हा शब्द सांगितला तेव्हा त्याला फार आवडला. आता तो 'व्हीली मारतो' म्हणत नाही, 'आजी, उलाळ करतो' म्हणतो. सॅन डिएगोत वाढलेल्या पोराच्या तोंडी हा शब्द ऐकून माझं तिकिटाचं भाडं वसूल झालं!

असो. तर झालं असं.

जावयांनी नातवाला सोळाव्या वाढदिवसाला चारशे सीसीची स्पोर्ट क्वाड घेऊन दिली. मी तेव्हा इकडेच होते. फोटो आले, सगळ्यांनी अंगठे वर केले, त्यात माझाही होता. गाडीबरोबर सुरक्षिततेचा एक अभ्यासक्रमही त्याने केला. कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या मुलाला क्वाड चालवायची तर एक तर तसं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर प्रमाणपत्र असलेलं मोठं माणूस बरोबर लागतं. चांगला नियम आहे. वळायचं कसं, थांबायचं कसं, चढ-उतारावर अंग कुठे टाकायचं, हे त्यात शिकवतात. व्हीलीबद्दल तिथे सांगतात ते एकच. करू नका. गाडीच्या पुस्तिकेतही तेच. घरी माझ्या लेकीने सांगितलं तेही तेच.

मी गेल्या ऑक्टोबरात तिकडे गेले. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली तेव्हा सगळे वाळूच्या टेकड्यांवर गेलो. इम्पिरिअल सँड ड्यून्स असं त्या जागेचं नाव, लोक ग्लॅमिस म्हणतात. घरापासून मोटारीने अडीच-तीन तास, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ. राजस्थान सिनेमात पाहिलेला, पण ही वाळू पाहून मी थक्क झाले. आणि तिच्यावर माणसांची अशी जत्रा! हजारो गाड्या, प्रत्येकीला उंच काठी आणि टोकाला झेंडा. टेकडीच्या पलीकडून येणारी गाडी दिसत नाही म्हणून झेंडा सक्तीचा. मला पंढरीच्या पताका आठवल्या, आवाज मात्र टाळ-मृदंगाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूशेजारच्या सपाटीवर नातवाने मित्रांसमोर गाडी उलाळली. एक मित्र फोनवर चित्रण करत होता. चाकं उचलली, आणखी उचलली, आणि मग गाडी उभीच राहिली. पुढच्या क्षणी पोरगा पाठीवर आणि गाडी त्याच्या अंगावर येता येता बाजूला पडली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. हासळीचं हाड मोडलं. ती गाडी दीड-दोन पोती ज्वारीच्या वजनाची. बाजूला पडली ती कोणाच्या पुण्याईने, मला माहीत नाही.

त्यानंतर आमच्याकडे जे झालं ते तुमच्याकडेही झालं असतं. लेक रडली. जावयांनी गाडी गॅरेजात साखळीने बांधून कुलूप लावलं. विषय बंद. नातवाने मान खाली घालून परत असं करणार नाही म्हणून सांगितलं.

मी छत्तीस वर्षं मान खाली घातलेली पोरं पाहिली आहेत. मान खाली घालणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शिकवायला अमेरिका नको. जानेवारीच्या शेवटी, हाड जुळून जेमतेम आठवडा झाला असेल, मला कळलं की हा शनिवारी ग्रंथालयात जातो म्हणून सांगून मित्राच्या घरी जातो. मित्राकडे सातशे सीसीची क्वाड. वजन दोन क्विंटलच्या आसपास. तिच्यावर तोच उद्योग!

मी त्याला रागावले नाही. शेजारी बसवलं आणि विचारलं, "चाकं वर गेली, ती खाली कशी आणायची?"

"थ्रॉटल सोडायचा, आजी."

"आणि सोडूनही आली नाहीत तर?"

तो गप्प. मग त्याने मला तो बघतो ती चित्रणं दाखवली. एकेक पोरगा येतो, गाडी उचलतो, हसतो. चढायचं कसं ते सगळे सांगतात. मी सात-आठ पाहिली. एखादा घाईघाईने मागच्या ब्रेकचं नाव घेतो आणि पुढे जातो. मी माझ्या अडाणी बुद्धीने विचारलं, "मग तुझा उजवा पाय तेव्हा कुठे होता?" त्याने आठवून पाहिलं. त्याला सांगता आलं नाही. आम्ही त्याच्या पडण्याचं चित्रण पुन्हा पाहिलं. पाय पायटेकणीवर होता, मागे सरकलेला. ब्रेकवर नव्हताच.

म्हणजे बघा. पोरगा सतरा वर्षांचा, हुशार, इंग्रजी चुरूचुरू वाचणारा, प्रमाणपत्रवाला. एकदा हाड मोडून घेतलेला. आणि ज्या एका गोष्टीने जीव वाचतो ती त्याला कोणी सांगितली नव्हती! पुस्तिकेने नाही, अभ्यासक्रमाने नाही, आईबापाने नाही. कारण सगळ्यांनी 'करू नको' म्हटलं, आणि जे करायचंच नाही त्याचा शेवट कसा करायचा हे कशाला सांगायचं?

माझं भांडण इथे आहे.

त्या रात्री मी लेकीला आणि जावयांना बसवून सांगितलं. दोन मार्ग आहेत. ही गाडी उद्या विका आणि याला स्पष्ट सांगा की आम्हाला भीती वाटते, तू घरातून गेल्यावर तुझ्या पैशाने घे. हा मार्ग मला मान्य आहे, त्यात खोटेपणा नाही. नाहीतर गाडी ठेवा आणि जाणत्या माणसाकडून याला नीट शिकवा, उलाळण्यासकट. पण गाडी घेऊन द्यायची, तिच्या जाहिरातीत चाकं हवेत असलेलं चित्र कौतुकाने बघायचं, आणि मग शिकवायचं मात्र नाही, हा तिसरा मार्ग मला चालणार नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर ती गंमत तुम्ही स्वतः पाहा. या धंद्याच्या माहितीपत्रकांत गाड्या जमिनीवर क्वचित असतात. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हा स्वार तरबेज आहे, तुम्ही असं करू नका. चित्राने बोलवायचं आणि अक्षराने हाकलायचं! म्हणजे विक्रीही झाली आणि जबाबदारीही टळली.

अमेरिकेला हे दुखणं नवीन नाही. होंडाने १९७० मध्ये तिकडे तीन चाकांची अशी गाडी आणली. पुढे एक चाक, मागे दोन. ती उलटायची फार. ऐंशीच्या दशकात इतकी माणसं, त्यातही मुलं, दगावली की सरकारने कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि १९८८ मध्ये समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री बंद. पण समझोता तेवढाच नव्हता. गाडी घेणाऱ्याला प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही कंपन्यांवर आली. म्हणजे ज्यांनी मृत्यू मोजले त्यांनाही नुसती बंदी पुरी वाटली नाही. तोवर चार चाकांच्या स्पोर्ट क्वाड आल्याच होत्या. सुझुकीची १९८५ मध्ये, होंडाची १९८६ मध्ये, यामाहाची बॅन्शी १९८७ मध्ये. चार चाकं झाली म्हणून उलाळायचं थांबलं नाही, कारण पोरांना तेच तर हवं होतं.

तर आम्हाला मास्तर मिळाले. जावयांच्या ओळखीतले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ. तरुणपणी तीनचाकी चालवलेली, अंगावर खुणा भरपूर. त्यांचं नाव सांगत नाही, मी त्यांना 'मास्तर' म्हणायचे आणि त्यांना त्याचा अर्थ कळल्यावर ते खूश झाले. त्यांनी पहिली अट घातली की चारशेचीही नको, अडीचशे सीसीची आणा. भाड्याने आणली. दुसरी अट, वाळू नको, चढ नको. कडक, सपाट, रिकामं मैदान. चढावर गाडी आपोआपच मागे कललेली असते, तिथे उलाळणं म्हणजे काठावर उभं राहून मागे सरकणं.

पहिल्या दिवशी पुढचं चाक बोटभरही उचलायचं नव्हतं. काय केलं? तर चालण्याच्या वेगाने गाडी न्यायची आणि नुसत्या उजव्या पायाच्या ब्रेकने थांबवायची. खाली न बघता. पन्नास वेळा. मी मोजत होते. नातू वैतागला. मास्तर म्हणाले, "पायाला डोळे फुटेपर्यंत." मला पहिलीच्या वर्गातलं 'ग म भ न' गिरवणं आठवलं. गिरवणं कंटाळवाणं असतं, पण अक्षर हाताला बसतं ते त्यानेच.

दुसऱ्या दिवशी गाडीची तपासणी. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. ही हवा चार-पाच पौंडांची, आपल्या स्कूटरच्या मानाने अगदीच कमी, त्यामुळे अर्ध्या पौंडाचा फरकही लागतो. ज्या टायरात हवा कमी त्याचा घेर कमी, आणि दांडा एकच, म्हणून गाडी त्या बाजूला ओढते. पुढची चाकं हवेत असताना हँडल फिरवून उपयोग नसतो. मग मनगटाला दोरी बांधायची. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या बटणाला. माणूस मागे पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं, गाडी मोकाट सुटत नाही. ही दोरी असते हे नातवाला माहीत होतं. ती त्याच्या कपाटात होती!

आणि पाय. मोटारसायकलवर तोल गेला की माणूस पाय टेकतो. क्वाडवर पाय टेकायचा नाही, काहीही झालं तरी नाही. कारण टाचेच्या मागेच फिरतं चाक असतं, ते पाय ओढून खाली घेतं. म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना पायाखाली जाळ्या बसवल्या.

तिसऱ्या दिवसापासून उलाळणं. दुसऱ्या गिअरमध्ये संथ गाडी. अंग बैठकीवर मागे, हात सरळ, गुडघ्यांनी टाकी धरलेली. अंगठा क्षणभर सैल करायचा म्हणजे गाडी नाक खाली घालते, आणि ती परत वर येते त्याच वेळी अंगठा दाबून अंग मागे न्यायचं. चाक चार बोटं उचललं की लगेच मागचा ब्रेक. अलगद. चाक आपण होऊन खाली यायच्या आत आपण आणायचं, असा नियम. चार बोटं जमलं की वीतभर. वीत जमली की हातभर. प्रत्येक वेळी ब्रेक. जमिनीला लागताना पुढची चाकं सरळ हवीत, आणि टेकायच्या आधी अंगठा किंचित दाबला तर दणका बसत नाही. क्लच सोडून उचलायचं ते फार पुढे, तिसऱ्या आठवड्यात.

मास्तरांनी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली. गाडी जसजशी उभी होते तसतसं गाडीचं आणि माणसाचं मिळून वजन मागच्या चाकांच्या वर येत जातं. बरोबर वर आलं की तिथे ओढायला जोर लागेनासा होतो, नुसता तोल सांभाळायचा असतो. नवशिक्याला हे माहीत नसतं. तो आधी जेवढा अंगठा दाबत होता तेवढाच दाबत राहतो आणि पलीकडे जातो. पलीकडे गेल्यावर घाबरतो. घाबरलेला माणूस मूठ आवळतो. आणि खटका तर अंगठ्याखालीच! नातवाचं नोव्हेंबरात हेच झालं होतं. "थ्रॉटल सोडायचा" हे उत्तर बरोबर होतं, पण घाबरलेला हात ते उत्तर देऊ शकत नाही. सवय झालेला पाय देतो.

आता माझ्या टीकाकारांकडे येते.

डॉक्टर पुतण्याने लिहिलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळाच्या आतल्या मुलांनी अशा गाड्या चालवूच नयेत म्हणते. बरोबर आहे बाबा. मीही तेच म्हणते. सोळाच्या आतलं पोर असतं तर मी मास्तर शोधला नसता, गाडी विकायला लावली असती. तू पाठवलेला आकडाही मी वाचला. २०१६ ते २०२० या पाच वर्षांत तिकडे अशा प्रकारच्या गाड्यांवरून जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी इस्पितळात गेलेली माणसं पाच लाखांहून जास्त. आकड्याशी माझं भांडण नाही. त्या पाच लाखांतलं एक आमच्या घरातून पुढच्या वर्षी जाऊ नये म्हणून तर हा खटाटोप. शिकल्याने धोका संपतो असं मी म्हटलेलं नाही. शिकलेला पोरगाही पडू शकतो. पण न शिकलेला पोरगा आमच्याकडे पडलेला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शिकल्यावर पोरं जास्त धाडस करतात, असं दुसऱ्या एकाचं म्हणणं. याला काही अर्थ आहे, मी नाकारत नाही. काही पोरं करतात. म्हणून मी पाहिलं की आमचा काय करतो. पाचव्या आठवड्यात मित्राने सातशेच्या गाडीवर बोलावलं तेव्हा हा म्हणाला की तिच्या ब्रेकचा माझ्या पायाला अंदाज नाही. हे वाक्य त्याला जानेवारीत सुचलं नसतं.

तिसरा प्रश्न, उपयोग काय? वाटेतला ओंडका किंवा खड्डा ओलांडताना पुढची चाकं जरा हलकी करता येणं कामाला येतं, असं मास्तर सांगतात. पण खरं सांगायचं तर व्हीलीचा उपयोग काही नाही. झाडाला झोका बांधण्याचा तरी काय उपयोग असतो? दहीहंडीला पाचव्या थरावर चढण्याचा? पोरांना करावंसं वाटतं. आपल्यालाही वाटायचं.

आणि आता जरा कडू बोलते, रागावू नका. ज्यांनी मला शहाणपण शिकवलं त्यांतल्या तिघांच्या घरी मी जाऊन आले आहे. एकाने मुलाला दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून ११० सीसीची स्कूटर दिली. वय सोळा, लायसन नाही, हेल्मेट डिकीत. आपल्याकडे सोळाव्या वर्षी फक्त बिनगिअरची, पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवायचं लायसन मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. शिकवलं कोणी, विचारलं. म्हणे, "त्यात शिकवायचं काय? हा आपला पटकन शिकला." पुढचा ब्रेक किती आणि मागचा किती दाबायचा, वाळू पसरलेल्या वळणावर काय करायचं, हे त्या पोराला कोणी सांगितलेलं नाही. तो रोज भर रस्त्यावर, ट्रकांच्या मधून क्लासला जातो. आणि मैदानात हेल्मेट, चष्मा, हातमोजे, घोट्यावरचे बूट, छातीला कवच आणि मनगटाला दोरी बांधलेला माझा नातू तुम्हाला बेजबाबदार वाटतो!

एवढं तावातावाने लिहितेय त्याचं एक कारण आहे. ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

१९८४ साली मी कृष्णाकाठच्या एका शाळेत आठवीची वर्गशिक्षिका होते. वार्षिक परीक्षेचे दिवस, ऊन मी म्हणत होतं, आणि पोरं डोहावर जायची. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मी फळ्यावर सूचना लिहिली. 'कोणीही नदीवर पोहायला जाऊ नये. हुकुमावरून.' ज्यांच्या घरी पोहणारं कोणी होतं ती पोरं लहानपणीच पाठीला सुका भोपळा बांधून शिकली होती. माझ्या वर्गातल्या एकाच्या घरी तसं कोणी नव्हतं. वडील नव्हते, आई मजुरीला जायची. तो शनिवारी दुपारी मित्रांबरोबर गेला. परत आला नाही. सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा फळ्यावर माझ्या अक्षरातली सूचना तशीच होती.

मी ती पुसली आणि नंतर मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, गावातल्या एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्याला बोलावून मे महिन्यात सगळ्या पोरांना पोहायला शिकवू या. ते म्हणाले, "बाई, आणखी कुणाला काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी गप्प बसले. पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात तीच सूचना मी त्याच शब्दांत लिहिली.

जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न मला या जानेवारीत पुन्हा विचारला गेला. लेकीनेच विचारला. "आई, त्याला काही झालं तर तू जबाबदारी घेशील?" या वेळी मी म्हटलं, घेईन. तुमची जेवढी आहे तेवढीच माझी. गाडी घेऊन दिलीत त्या दिवशीच ती आपल्या सगळ्यांवर आली होती, मीही अंगठा वर केला होता.

लेकीचं मत पूर्ण बदललंय असं नाही. ती शिकवणीला एकदाही आली नाही. तिच्या जागी ती बरोबर आहे, पोर तिचं आहे. पण गॅरेजची साखळी तिने स्वतः काढली, आणि मनगटाची दोरी आता किल्लीबरोबर खुंटीला असते.

मार्चात निघायच्या आदल्या रविवारी नातवाने मला दाखवलं. मी पावलांनी मोजलं, माझी तीस पावलं भरली. मास्तरांनी टाळी वाजवली. खरं सांगायचं तर मला चाकं किती वर गेली ते नीट सांगता येणार नाही. मी सगळा वेळ त्याच्या उजव्या पायाकडे बघत होते.

पाय ब्रेकवर होता.

बाकी सर्व क्षेम. वन्संनी राग सोडावा आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पुरणपोळ्या पूर्वीसारख्या पाठवाव्यात, ही विनंती.